बार्रो कोलोराडो

* बार्रो कोलोराडो : पनामातील गातून तलावातले सुमारे १५ चौरस किलोमीटरचे बेट. ते पुरातन असावे असा समज होईल. त्यावरील जंगलाचा बराच भाग खरोखरच जुना आहे. बेट मात्र विसाव्या शतकातले. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, दरी पाण्याखाली गेली आणि १९१४ पर्यंत एका टेकडीचा माथा तेवढा वर उरला. १९२३ मध्ये तो राखीव झाला. १९४६ पासून स्मिथसोनियन संस्था त्याची देखभाल करते. हुप्प्या माकडे, अगूती, टेपिर आणि सत्तरहून अधिक जातींची वटवाघळे येथे आढळतात.

पण जे येथून गेले, त्यांची हकिकत अधिक मोलाची वाटते. लष्करी मुंग्यांच्या फौजेमागे फिरून, घाबरून बाहेर पडणारे किडे टिपणारा ठिपकेदार मुंगीपक्षी बेटावरून नाहीसा झाला. समोरचा किनारा दिसतो, तरी परतून आला नाही. दाट झाडोऱ्यात राहणाऱ्या काही जातींचे पक्षी संशोधकांनी होडीतून पाण्यावर सोडून पाहिले. त्यांतल्या कित्येकांना शंभर मीटरही उडता आले नाही. आपल्याला चिंचोळे वाटणारे पाणी त्यांना समुद्रच होते.

येथील ५० हेक्टरांच्या तुकड्यात एक सेंटिमीटरहून जाड असे प्रत्येक खोड १९८० च्या दशकापासून ठरावीक वर्षांनी मोजले जाते. त्याच धर्तीवर तमिळनाडूतील मुदुमलाईतही ५० हेक्टरांचा असा तुकडा आखलेला आहे.
— संपादक