एका तिरप्या रेघेचा इतिहास

संमतीपत्रक हा काही वाङ्मयप्रकार नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि एकेका ओळीवर तास-तास खर्च करण्याची सवय वर्गात जडली, की पुढे कोणताच मजकूर निरुपद्रवी वाटेनासा होतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १९९० नंतर भरून घेतलेल्या एका संमतीपत्रकातील शब्दप्रयोग गेले काही दिवस आमच्या मनात घोळतो आहे. त्याचा मराठी तर्जुमा साधारण असा होईल : ‘वर्तनविषयक/वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास’. या दोन विशेषणांमध्ये जी तिरपी रेघ आहे, तिचा निकाल पुढे वीस वर्षांनीही कोणत्या न्यायालयाने दिला नाही.

पत्रकावर सह्या करणारे लोक हावासुपाई जमातीचे. ग्रँड कॅन्यन या प्रचंड घळीच्या तळाशी सुपाई नावाचे त्यांचे गाव आहे. तेथवर मोटारीचा रस्ता नाही. सुमारे तेरा किलोमीटरची पायवाट, खेचर किंवा हेलिकॉप्टर, एवढेच मार्ग. टपालही खेचरांच्या पाठीवरून येते. साऱ्या जमातीची संख्या साडेसहाशेच्या आसपास. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मधुमेहाने या लहानशा वस्तीस असे ग्रासले, की पाय गमावलेली आणि डायलिसिससाठी गाव सोडावे लागलेली माणसे घरोघरी दिसू लागली. १९८९ मध्ये जमातीतील एकाने जॉन मार्टिन यांच्याकडे मदत मागितली. मार्टिन हे ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतील मानववंशशास्त्रज्ञ. गावाशी त्यांचा अनेक वर्षांचा स्नेह होता. त्यांनी त्याच विद्यापीठातील आनुवंशिकीच्या अभ्यासक थेरीज मार्को यांना बरोबर घेतले.

विचार त्या काळाला धरूनच होता. त्याच राज्यातील पिमा लोकांत मधुमेहाचे प्रमाण विलक्षण असल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६५ पासून तेथे प्रदीर्घ अभ्यास आरंभला होता. हावासुपाईंच्या रक्तातही तसाच काही दुवा सापडेल, ही अपेक्षा गैर नव्हती. गावकऱ्यांनी रक्त दिले. गावात तोंडी चर्चा झाली ती मधुमेहाची. कागदावर मात्र ती रेघ होती. अनेकांची इंग्रजी ही दुसरी भाषा, आणि कित्येकांचे शालेय शिक्षण अपुरे. मार्को यांना स्किझोफ्रेनियाच्या संशोधनातही रस होता, आणि जमातीला त्यात स्वारस्य असणार नाही असे मार्टिन यांनी त्यांना सांगितले होते, हे पुढे उजेडात आले.

मधुमेहाचा उपयोगी पडेल असा दुवा हाती लागला नाही. नळ्या मात्र राहिल्या. गोठवलेले रक्त हे मोठे चमत्कारिक द्रव्य आहे. ज्या प्रश्नासाठी ते घेतले तो प्रश्न संपला तरी ते संपत नाही; नवा विद्यार्थी येतो, नवे तंत्र येते, दुसऱ्या गावची प्रयोगशाळा नमुना मागते. हावासुपाईंच्या नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, जमातीतील अंतर्गत विवाहसंबंध आणि प्राचीन स्थलांतर या विषयांवर काम झाले. यांतले शेवटचे वरकरणी सर्वांत निरुपद्रवी. पण त्याचे निष्कर्ष जमातीचे पूर्वज आशियातून आल्याचे सांगत होते, आणि आपला उगम याच घळीत झाला ही त्या लोकांची श्रद्धा आहे. केवळ श्रद्धाही नव्हे. या भूमीवरील त्यांचा हक्क ते त्या उगमकथेशी जोडतात.

२००३ च्या मार्चमध्ये कार्लेट्टा टिलूसी या जमातीच्या तरुणी विद्यापीठातील एका पीएच. डी.च्या खुल्या मौखिक परीक्षेस गेल्या. प्रबंध त्यांच्याच लोकांच्या डीएनएवर होता. त्यांनी उभे राहून विचारले, की या रक्ताच्या अशा वापरासाठी परवानगी घेतली आहे का. अशा परीक्षांना आम्हीही श्रोते म्हणून बसलो आहोत. तेथे विचारले जाणारे प्रश्न बहुधा चहाची वेळ झाल्याची सूचना असतात. हा प्रश्न वेगळा होता. त्याच वर्षी जमातीने विद्यापीठाच्या लोकांना गावबंदी केली, २००४ मध्ये दावे दाखल झाले, २००७ मध्ये तांत्रिक कारणावरून फेटाळले गेले, २००८ मध्ये अपिलात पुन्हा जिवंत झाले. २०१० च्या एप्रिलमध्ये तडजोड झाली : ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर, आणि उरलेले नमुने परत. आपण व्यापक संशोधनासाठी रीतसर संमती घेतली होती, ही मार्को यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. कागद पाहता ती अगदीच निराधार म्हणता येत नाही, आणि आमच्या मते हीच या प्रकरणातील खरी भीषण गोष्ट आहे.

हा वाद पेटत असतानाच मधुमेहाच्या आनुवंशिकीत एक मोठा आंतरराष्ट्रीय संघ आकाराला येत होता. बालपणी किंवा तारुण्यात उद्भवणाऱ्या, इन्सुलिनवाचून न चालणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा हा संघ. एकाच घरात दोन भावंडांना हा आजार असणे विरळा. त्यामुळे पुरेशी कुटुंबे कोणत्याही एका देशात मिळेनात. म्हणून या शतकाच्या आरंभी आशिया-पॅसिफिक, युरोप, ब्रिटन आणि उत्तर अमेरिका अशी चार जाळी विणली गेली, आणि त्यांचा समन्वय अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातून होऊ लागला. या संघाच्या सामग्रीचाही आधार घेऊन २००९ मध्ये चाळीसहून अधिक जनुकीय स्थाने निश्चित झाली. गौरव झाला तो या स्थानांचा. आम्हांला कुतूहल वाटते ते त्यांच्यामागच्या कारकुनीचे. प्रत्येक ठिकाणची नीतिसमिती निराळी, भाषा निराळी. नळीला नावाऐवजी क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या मागे त्या माणसाने नेमके कशाला ‘हो’ म्हटले याची नोंद सांभाळायची. रक्त मेलबर्नहून निघते, त्याच्याबरोबर संमतीही निघाली पाहिजे. सुपाईच्या नळ्या प्रवासाला निघाल्या तेव्हा नेमकी तीच घरी राहिली होती. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत या कामाला स्थान मिळत नाही. समन्वयकाचा पुतळा आम्ही तरी कोठे पाहिलेला नाही.

हे सारे आपल्यापासून दूरचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. टीसीएफ७एल२ या जनुकातील फेरफारांचा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी भारतीयांतही घट्ट संबंध आहे, हे दाखवणारा २००७ चा शोधनिबंध पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनमधील संशोधक यांच्या सहकार्यातून सिद्ध झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची नीतितत्त्वे २००० साली आली, २००६ आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. २०१७ च्या आवृत्तीत जैविक नमुन्यांच्या साठवणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि एका वापरास होकार, दुसऱ्यास नकार देता येईल अशा टप्प्याटप्प्यांच्या संमतीचाही विचार आहे. संमतीपत्रक सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असावे, हे तर मूळ तत्त्वच. म्हणजे कोणीतरी ते मराठीत आणते. बहुधा भाषांतराच्या अंगाने त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मराठी विभागाच्या दारात तर ते येतच नाही.

आम्ही स्टाफरूममध्ये त्या जुन्या ओळीवर एक दुपार घालवली. ‘वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकार’ म्हटले, तर मधुमेहासाठी आलेली बाई पेन खाली ठेवून विचारील, वर्तनाचा काय संबंध? ‘वर्तनविषयक किंवा वैद्यकीय’ म्हटले, तर ती विचारील, म्हणजे दोहोंपैकी कोणते? ‘वर्तनविषयक, म्हणजेच वैद्यकीय’ म्हटले, तर तो अर्थच निराळा. मराठीत ती ओळ लिहायची, तर यांतले एक निवडावे लागते. आमच्यापैकी एकाने सुचवले, की रेघच राहू द्यावी, सरकारी अर्जांत असते तशी. त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तासाची घंटा झाली.