आपल्या घरातली फरशी आली कुठून?



घराचं काम निघालं की पहिला वाद फरशीवरून होतो. आपल्या पणजीच्या काळी हा वाद नव्हता. खानदेशातली घरं धाब्याची होती आणि जमीन मुरूम-मातीची, चोपून शेणाने सारवलेली. त्यामागे गरिबी होती, तसा विचारही होता. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरची मातीची जमीन तडकली, तर घरची बाई सकाळी स्वतःच लिंपून टाकायची. कारागीर लागत नव्हता, बाजारही लागत नव्हता.

रेल्वे आली आणि हे बदललं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० च्या दशकात जळगाव-भुसावळला पोचला. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला, आणि त्याच सुमारास सुरतेहून अमळनेरला तापी व्हॅली रेल्वे आली. कापूस बाहेर जाऊ लागला, तसा जड माल आत येणं सोपं झालं. आपल्या ओट्यावर, न्हाणीत दिसणारी शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. तो चुनखडीचा दगड थराथराने निघतो, म्हणून स्वस्त पडतो. राजस्थानचा कोटाही चुनखडीच.

नक्षीच्या फरशा तेव्हा विलायती. इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या, भट्टीत भाजलेल्या फरशा मुंबईच्या मोठ्या इमारतींत बसल्या. त्याला उत्तर म्हणून, स्वदेशीच्या वाऱ्यात, १९२२ साली मुंबईत सिधवा या पारशी कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली. या सिमेंटच्या फरशा भाजत नाहीत. लोखंडी साच्यात नक्षीच्या कप्प्यांमध्ये रंगीत सिमेंट ओततात, वर कोरडं मिश्रण घालून दाबयंत्राखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्षानुवर्षं घासली तरी नक्षी जात नाही.

जवळचं साहित्य वापरावं, हा विचार आपल्याच जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर करून दाखवला गेला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्याने तिथलं टिळकनगर सजवलं.

आता आपल्या धर्माकडे येऊ. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणात पंधरा कर्मादानं सांगितली आहेत. त्यात पहिलं इंगालकम्म, म्हणजे अग्नीवर चालणारा धंदा. टीकाकार त्यात विटांच्या भट्ट्याही धरतात. फोडीकम्म म्हणजे जमीन खणणं, दगड फोडणं. त्याच सूत्रातल्या दहा आदर्श श्रावकांत सद्दालपुत्त हा कुंभारही आहे. म्हणजे भट्टीजवळच्या माणसाला दार बंद नव्हतं. प्रश्न होता मर्यादेचा.

या दृष्टीने फरशा पाहिल्या, तर एकही निर्दोष नाही. शहाबादी आणि कोटा खाणीतून येतात. गुजरातमधल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स सुमारे १२०० अंशांवर भाजतात. तिथल्या कोळसा-वायूच्या भट्ट्यांच्या प्रदूषणामुळे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यांच्यावर बंदी घातली. सिमेंटची फरशी भाजत नाहीत, पण सिमेंट स्वतः त्याहून जास्त उष्णतेच्या भट्टीतून येतं. पणजीच्या जमिनीपासून आपल्यापर्यंत बदललं ते एवढंच, की आग आणि खाण आपल्या डोळ्यांआड गेली.

आमच्या जळगावच्या घरातही हा प्रश्न समोर आहे. मधल्या खोलीत जुन्या नक्षीच्या सिमेंट फरशा आहेत. थोरल्या जाऊबाईंना तिथे पांढऱ्या चकचकीत टाइल्स हव्या आहेत. सासूबाई म्हणतात, हात लावू नका. मी सासूबाईंच्या बाजूने बोलले, आणि ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही. त्या फरशीसाठी लागणारी आग आणि खाण होऊन गेली आहे. ती उखडली, तर तेवढीच हिंसा पुन्हा करायची. जाऊबाईंची एक गोष्ट मात्र रास्त आहे: खोली अंधारी दिसते. म्हणून भिंतींना पांढरा रंग द्यायचा आणि फरशी घासून पॉलिश करून घ्यायची, असं ठरलं. तडकलेल्या चार फरशा पलंगाखालच्या फरशांशी बदलून घेऊ.

स्वयंपाकघर मात्र बदलावंच लागणार आहे. तुमच्याही घरी काम निघालं, तर एवढं पाहा:

ठिपक्यांच्या मोझॅकवर मुंगी दिसत नाही, फिकट एकरंगी फरशीवर दिसते. दिसली तरच जयणा पाळता येते.

सांधे अरुंद ठेवा आणि नीट भरून घ्या. जीव तिथेच शिरतात.

चकचकीत टाइलवर सांडलेलं पाणी पटकन कळत नाही. म्हातारं माणूस घसरतं, आणि महासतीजी गोचरीला आल्या तर घर असूझतं ठरतं. खरखरीत फरशी घ्या.

काळ्या मातीवरचं घर असेल, तर आधी खालचा मुरूम नीट दाबून घ्या. नाहीतर कितीही महाग टाइल दोन पावसाळ्यांत तडकते.

आणि दुकानात जाण्याआधी जुनी फरशी एका कोपऱ्यात घासून पाहा.