हिमस्खलन आणि माघारीचा अधिकार

मानोऱ्यात बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, नाहीतर मार्चातल्या गारा. मग इथे बसून हिमस्खलनाचा इतिहास कशाला, असं तुम्ही विचाराल. उत्तर जवळच आहे. १९९८ पर्यंत आपला वाशिम अकोला जिल्ह्यातच होता. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझमध्ये हिमस्खलनाखाली जे जवान गेले, त्यांत अकोला जिल्ह्यातलेही होते. त्याआधी वर्षभर, ३ फेब्रुवारी २०१६ ला, सियाचिनमध्ये १० जवान गाडले गेले, त्यांतला एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला. पाण्यासाठी आकाशाकडे बघणाऱ्या मुलखातली ही माणसं बर्फाखाली गेली. शिवाय आता मे महिन्यात आपली मुलं हिमाचलात सार पासला ट्रेकिंगला जातात. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

आधी बर्फाचं वागणं समजून घेऊ. आपली काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि एक मोठा पाऊस झाला की तिच्यात बैलाचा पाय रुततो. वसंतातला बर्फ हे रूप एकाच दिवसात दाखवतो. रात्रीच्या थंडीनं तो घट्ट होतो, पहाटे त्यावरून चालता येतं. ऊन चढलं की वितळलेलं पाणी थरांमध्ये झिरपतं, थरांची पकड सुटते आणि ३० ते ४५ अंशांचा उतार अख्खा खाली येतो. रात्री ढग असले, तर बर्फ नीट गोठतच नाही. मग सकाळही भरवशाची नाही. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ७ पर्यटक गेले, तेही भर दुपारी.

हे ज्ञान काही नवं नाही. १९२२ ची ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम घ्या. नुकताच ताजा बर्फ पडला होता, मोसमी पाऊस तोंडावर होता. ७ जूनला मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड १४ हमालांना घेऊन नॉर्थ कोलच्या उतारावर चढले. दिवस स्वच्छ, ऊन कडक. त्यांनी बर्फ तपासला, ठीक वाटला. दुपारी उतार सुटला. नऊ हमाल कड्यावरून खाली फेकले गेले, त्यांतले सात मेले. तिन्ही साहेब वाचले. मॅलरीनं पुढे पत्रांतून स्वतःला दोषी धरलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण वर जायचं की नाही, हे त्या चौदा जणांना कोणी विचारलं होतं?

पुढे ९२ वर्षं गेली. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात १६ माणसं गेली. सगळे नेपाळी कामगार, इतरांसाठी वाट तयार करणारे आणि सामान वाहणारे. साधनं बदलली होती, हवामानाचे अंदाज आले होते. ओझं मात्र त्याच खांद्यांवर होतं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे थोडं थांबतो. धोका पत्करणं आणि धोका सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यटकाला माघारीचा अधिकार आहे, तो वापरत नाही. हमालाला तो असायला हवा, त्याला कोणी विचारत नाही. जवानाला तर हुकूम आहे. म्हणून त्याच्या वतीनं बर्फाकडे दुसऱ्या कोणीतरी बघावं लागतं. याच गरजेतून १९६९ मध्ये मनालीत हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था उभी राहिली.

आपल्या तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची लदेणी आठवा. बैलांवर धान्य, मीठ लादून तांडे देशभर फिरले, पण पावसाळ्यात मुक्काम करत. कधी निघायचं, कुठं थांबायचं, हे नायक ठरवी आणि तो स्वतः त्याच तांड्याबरोबर चाले. निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा एकाच वाटेवर होते. आमच्या मते सुरक्षित प्रवासाचं अर्धं शास्त्र एवढ्यात आलं.

उरलेलं अर्धं मुलांना सांगून ठेवा. पहाटे निघा, ऊन चढण्याआधी उतार पार करा. ताज्या बर्फानंतर एक-दोन दिवस थांबा. धोक्याच्या उतारावरून एकेकानं जा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी. बर्फाखालच्या माणसाला पहिली पंधरा मिनिटं मोलाची असतात. म्हणून ठिकाण दाखवणारं यंत्र, शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं. आणि पैसे भरण्याआधी संयोजकांना एक प्रश्न नक्की विचारा: तुमच्या वाटाड्यानं "आज नको" म्हटलं, तर तुम्ही त्याचं ऐकता का?

उत्तर देताना ते घुटमळले, तर मुलाला घरीच ठेवा. पास पुढच्या वर्षीही तिथेच असेल.