दहा वॅटच्या शाळा

#थ्रेड

२८ मे १९४९. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, ओहायो नदीकाठी वसलेल्या न्यू ऑल्बनी या लहानशा शहरातून एका हायस्कूलचे नभोवाणी केंद्र बोलू लागले. नाव डब्ल्यूएनएएस. हायस्कूलने स्वतः चालवलेले देशातील पहिले एफएम केंद्र अशी त्याची ओळख आहे.

शाळांना केंद्र चालवणे शक्य झाले कसे? १९४५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा शैक्षणिक, बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवला. जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्रांपुढे शाळांचा टिकाव लागणार नाही, हे उघड होते. पण राखीव जागा मिळाली तरी मोठे प्रक्षेपक घेण्याइतका पैसा शाळांकडे नव्हता. म्हणून १९४८ मध्ये आयोगाने अवघ्या १० वॅटच्या केंद्रांनाही परवाना देऊ केला. घरातल्या दिव्याहूनही कमी शक्ती! आवाज जेमतेम काही किलोमीटर जाई. शाळेच्या परिसराला तेवढा पुरेसा होता.

पुढचा घाव मात्र घरातूनच आला. १९७२ मध्ये सार्वजनिक नभोवाणीला निधी पुरवणाऱ्या महामंडळाने आयोगाकडे मागणी केली: ही चिमुकली केंद्रे राखीव पट्टा अडवून बसतात, त्यांना आवरा. युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता. १० वॅटच्या केंद्रामुळेही मोठ्या केंद्राची वाट अडू शकते. १९७८ मध्ये आयोगाने निर्णय दिला. शक्ती किमान १०० वॅटपर्यंत वाढवा, अन्यथा संरक्षण गमवा. संरक्षण गेले की मोठे केंद्र येताच जागा सोडणे आले. व्यापाऱ्यांपासून राखलेल्या पट्ट्यातून शाळांना हुसकावले ते सार्वजनिक नभोवाणीने, हे विसरता येत नाही.

२००० मध्ये त्याच आयोगाने १०० वॅटपर्यंतच्या लघुकेंद्रांसाठी पुन्हा दार उघडले. त्याला व्यापारी प्रसारकांबरोबर नॅशनल पब्लिक रेडिओनेही विरोध केला! त्याच वर्षअखेरीस संसदेने ते दार बरेचसे लोटले. ते पुरते उघडायला जानेवारी २०११ चा कायदा यावा लागला.

भारतात प्रवास निराळा. डिसेंबर २००२ च्या धोरणाने सामुदायिक नभोवाणी प्रथम शिक्षणसंस्थांनाच दिली, स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्ये. अमेरिकेत १०० वॅट ही तग धरण्याची किमान अट होती. इथे तीच सर्वसाधारण कमाल मर्यादा ठरली.

न्यू ऑल्बनीचे केंद्र या सगळ्यातून तरले. त्याचे ठिकाण ८८.१, त्याच राखीव पट्ट्याच्या अगदी आरंभी.