स्मृतिभ्रंश सांभाळणारी घरे

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांनाही आधार लागतो, ही जाणीव जेमतेम ४५ वर्षांची आहे. आजार त्याहून पुष्कळ जुना. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेले बोलणे टिपून ठेवले, १९०६ मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथील सभेत निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. आउगुस्टेचा नवरा रेल्वेत कारकून होता. दवाखान्याची पायरी चढण्याआधी तिचे संशय आणि तिची बेचैनी घरी त्यानेच सोसली होती. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याच्या वाट्याला एखाददुसरी ओळच आली.

पुढची जवळपास ७० वर्षे हा आजार ऐन पन्नाशीत गाठणारा, क्वचित आढळणारा म्हणूनच ओळखला गेला. सत्तरी-ऐंशीतली माणसे विसरू लागली, तर ते वय समजले जाई. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ हे शब्द त्याच समजुतीतून आले. चळ लागलेला म्हातारा हा रोगी नव्हे; आणि रोगीच नाही म्हटल्यावर त्याला सांभाळणारी सून काही विशेष करते आहे, असे कोणाला वाटणार? हा समज मोडण्यात अमेरिकी मेंदुविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांच्या १९७६ मधील एका छोट्या संपादकीयाचा मोठा हात आहे. उतारवयातला स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर यांत फरक करण्याचे कारण नाही, त्यामुळे हा दुर्मीळ नव्हे तर फार मोठ्या संख्येने बळी घेणारा आजार आहे, असे त्यांनी मांडले.

त्यानंतर घरची माणसे एकमेकांना शोधू लागली. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये अल्झायमर्स सोसायटी उभी राहिली. अमेरिकेत ठिकठिकाणचे गट एकत्र येऊन १९८० मध्ये संघटना झाली. तिचे पहिले अध्यक्ष जेरोम स्टोन हे उद्योजक. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. त्याच वर्षी ‘डियर ॲबी’ या वृत्तपत्रीय सल्ला-सदरात एका हतबल नातेवाइकाचे पत्र छापून आले, तेव्हा माहिती मागणारी २० हजारांहून जास्त पत्रे आली. १९८१ मध्ये नॅन्सी मेस आणि पीटर रेबिन्स यांचे ‘द थर्टी-सिक्स अवर डे’ (३६ तासांचा दिवस) हे पुस्तक निघाले. अशा घरातला दिवस २४ तासांत मावत नाही, हे त्या नावाने सांगून टाकले. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झारिट यांनी सांभाळणाऱ्यावरचा भार मोजणारी प्रश्नावली तयार केली. प्रश्न साधे होते: स्वतःसाठी वेळ उरतो का, राग येतो का, आणखी करायला हवे होते असे वाटते का. पण हे प्रश्न रोग्याबद्दल नव्हते, सांभाळणाऱ्याबद्दल होते, आणि तेच नवे होते. १९८४ मध्ये देशोदेशीच्या संघटनांची मिळून अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल ही शिखर संस्था झाली. १९९४ पासून २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन पाळला जातो.

भारतात वाट निराळी होती. इथे नातेवाइकांना आधी एका आरोपाला तोंड द्यावे लागले. मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी बनारसमध्ये राहून केलेला अभ्यास १९९८ मध्ये ग्रंथरूपाने आला. म्हातारे माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागले, की लोक त्याच्या मेंदूकडे नव्हे, मुलासुनांच्या सेवेकडे बोट दाखवतात, हे त्यातून दिसले. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांच्या २००१ मधील गोव्याच्या अभ्यासातही आजाराची लक्षणे लोकांना ओळखीची होती, पण कारण म्हणून सांगितले जाई ते मुलांचे दुर्लक्ष आणि प्रेमाचा अभाव.

या आरोपाचा अर्थ घरात शिरल्याशिवाय कळत नाही. तिन्हीसांजा झाल्या की म्हातारी उठते, लुगड्याचा पदर सारखा करते आणि ‘मला घरी सोडा’ म्हणून दाराशी जाते. चाळीस वर्षे ती याच घरात राहिली आहे. तिला हवे आहे ते माहेरचे घर, कधीच पडलेले. सून दाराला वरच्या बाजूला नवी कडी बसवून घेते. म्हातारी दार बडवते, ते शेजारी ऐकतात. जेवण झाल्यावर तासाभराने ‘मला सकाळपासून कोणी खायला दिले नाही’ असे ती आल्यागेल्याला सांगते, तेही त्यांना खरे वाटते. रात्रभर जागलेल्या सुनेला सकाळी लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात.

संघटित प्रयत्नांची सुरुवात केरळात झाली. कुन्नमकुलमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. के. जेकब रॉय यांच्या वडिलांना हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९९८ मध्ये कोचीला भरलेल्या अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनलच्या परिषदेतून ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट निघाला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रोगी विकसनशील देशांत आणि त्यांच्यावर होणारे संशोधन १० टक्क्यांहून कमी, ही तफावत त्याने नावातच घेतली.

या गटाच्या प्रेरणेने झालेले गोव्यातले काम या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचे म्हणावे लागेल. डॉ. अमित डायस आणि ‘संगाथ’ संस्थेतील सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत ८१ कुटुंबे निवडली. वृद्धांचे मानसोपचारतज्ज्ञ मोजके. तेव्हा बारावी शिकलेल्या, कोकणी बोलणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. किमान पंधरवड्यातून एकदा, असे सहा महिने. हा आजार आहे, मुद्दाम केलेला त्रागा नव्हे, हे आधी समजावून सांगायचे. अंघोळीला नकार, रात्रीचे भटकणे, शी-शू यांतून वाट काढायला मदत करायची. वृद्धांसाठीच्या सरकारी योजनांची माहिती द्यायची. अशा घरांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ येई. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले होते आणि रोग्याच्या वागण्याने होणारा मनस्ताप कमी झाला होता. रोग्याच्या वागण्यात मात्र तितका ठळक फरक पडलेला नव्हता. म्हणजे आजार होता तिथेच होता, पण तो सोसणाऱ्याला हायसे वाटले. औषधाने आजार हटत नसताना या फरकाचे मोल फार मोठे आहे.

भारतातल्या कायद्याने मात्र इतकी समज दाखवलेली नाही. ब्रिटनमध्ये १९९५ च्या कायद्याने सांभाळणाऱ्याला स्वतःच्या गरजांची नोंद करून घेण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी जर्मनीत सुरू झालेल्या शुश्रूषा विम्यातून घरी सांभाळ होत असेल तरी पैसे मिळू लागले. भारताचा २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकतो, वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतो. छळ सोसणाऱ्या वृद्धांसाठी तो हवाच होता. पण नोकरी सोडून आईपाशी बसलेल्या मुलीसाठी त्यात काही नाही.

मराठी समाजात या घरांचे चित्र ठसठशीतपणे उमटले ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात. त्यातले स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित मोहन आगाशे यांनी रंगवले. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. वडील हरवल्यावर मुलीची जी घालमेल होते, तिलाही चित्रपटाने वडिलांइतकीच जागा दिली. पडद्याबाहेर, शहरांतल्या घरांत, शुश्रूषेची माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत येणाऱ्या बारा तासांच्या मावशी रुळल्या. पुष्कळ घरांत प्रत्यक्ष आधार तोच, आणि तोही परवडणाऱ्यांनाच. त्या मावशींना या आजाराचे शिक्षण क्वचितच मिळालेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या कृती आराखड्यात सांभाळणाऱ्यांना आधार देणे हे स्वतंत्र उद्दिष्ट ठेवले आणि २०१९ मध्ये ‘आयसपोर्ट’ ही त्यांच्यासाठीची शिक्षणमाला काढली. भारतासाठीचे तिचे रूप बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या सहभागाने तयार झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे; प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. मदत गट, डे केअर केंद्रे आणि ब्यूरो मात्र बहुतेक शहरांतच आहेत.