सांगलीची हळद : पेव, पेठ आणि पुडा

मोठी दुकाने नामांकित मालाची हलकी प्रत विकतात काय, ही शंका आजच्या गिऱ्हाइकाला पडते. सांगलीच्या हळदपेठेत त्याचे उत्तर बरेच जुने आहे.

'सांगलीची हळद' हे नाव शेताइतकेच साठवणीने घडवले. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीखाली पेवे खणली जात. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण. तोंड बंद झाले की आत हवा खेळत नसे, त्यामुळे कीड जगत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर काही तास थांबावे लागे. घाईने आत उतरणे जिवावर बेतत असे. २००५ च्या महापुरात यांतील बहुतेक पेवे निकामी झाली.

नाव मात्र उरले, आणि त्या नावामागे माल चहूकडून येत राहिला. कराड भागातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून, तेलंगणातून. (साताऱ्याच्या हळदीला परकी म्हणणे तसे अवघडच. १९४९ साली जो 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.) पेठेने यात लपवाछपवी केली नाही. स्थानिक ती 'राजापुरी', बाहेरची ती 'परपेठ'. दोहोंचे भाव निराळे. एकाच शेतातल्या पिकातही हळकुंड, गड्डा, कणी अशा प्रती पडतात आणि प्रत्येकीचा दर वेगळा निघतो. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, मगच बोली लावतो.

हे सारे ज्ञान गिरणीत पुसले जाते. दळल्यावर राजापुरी आणि परपेठ, हळकुंड आणि कणी डोळ्यांना सारखीच पिवळी. नामांकित कंपनीचा पुडा आणि मोठ्या दुकानाचा स्वतःच्या नावाचा स्वस्त पुडा एकाच पेठेतून भरलेला असू शकतो. फरक मिश्रणात असतो, आणि ते मिश्रण पुड्यावर छापलेले नसते.

याला भेसळ म्हणता येत नाही. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा रंग मिसळणाऱ्याला पकडण्यासाठी होता. कणी दळणे हा गुन्हा नव्हे. १९३७ च्या कायद्यातून आलेले 'अ‍ॅगमार्क' प्रतवारी करते, पण हळदीसाठी ते मुख्यतः ऐच्छिक राहिले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने 'सांगली' हे नाव कोणी वापरावे ते ठरले. मात्र जो हे नाव छापतच नाही, त्याने आपली हळद कुठली हे सांगण्याचे बंधन या मानांकनातून येत नाही.

रंगावर भरवसा ठेवण्याची किंमत बांगलादेशाने मोजली. १९८० च्या दशकात पुराने काळवंडलेली हळद उजळवण्यासाठी तिथे शिशाचे क्रोमेट वापरले जाऊ लागले. ते विष घराघरांत पोचत असल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. तिथेही गिऱ्हाईक पिवळेपणालाच दर्जा समजत होते.

सांगली-साताऱ्याकडची कितीतरी घरे आजही वर्षाची हळकुंडे अख्खी घेतात, एखादे मोडून पाहतात आणि गिरणीवर स्वतः उभे राहून दळून आणतात.