दस्ता आखूड, खांदा शाबूत

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘पोरीच्या खांद्याला बंदूक झेपायची नाही, धक्क्यानं उताणी पडेल.’ धावणं, गोळाफेक सगळं चालतं, पण बंदूक म्हटलं की घरातले मोठे मान हलवतात. हा धक्का खरा किती आणि तो सोसण्याचा इतिहास काय, ते आज आम्ही सांगणार आहोत.

गोष्ट सिंगापूरपासून सुरू करू. जुलै १९४३. सुभाषबाबू नुकतेच तिथं पोचले होते. आझाद हिंद फौजेत बायकांचीही एक पलटण हवी, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन तेव्हा सिंगापुरात दवाखाना चालवत होत्या. त्यांनी वीसेक बायका गोळा केल्या, आणि १२ जुलैला या बायकांनी हातात बंदुका घेऊन नेताजींना मानवंदना दिली. तयारीला मिळाले होते जेमतेम काही दिवस. पुढं २२ ऑक्टोबरला शिबिर सुरू झालं. पलटणीला नाव दिलं झाशीच्या राणीचं, म्हणजे आपल्या तांब्यांच्या मनूचं. भरती झालेल्या मुलींमध्ये मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या पुष्कळ होत्या. झाशी त्यांनी कधी पाहिली नव्हती, हिंदुस्थानही पाहिला नव्हता.

त्यांच्या हातातली बंदूक होती इंग्रजांची थ्री-नॉट-थ्री. वजन जवळपास ४ किलो. तुम्ही म्हणाल, चार किलोचं काय एवढं, पाण्याचा हंडा याहून जड असतो. बरोबर आहे, उचलण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न येतो चाप ओढल्यावर. गोळी जेमतेम ११ ग्रॅमची, पण नळीतून सुटते ती सेकंदाला ७०० मीटरहून जास्त वेगानं. गोळी आणि तिच्यामागचा धूर पुढं जातो, तेवढ्याच जोरानं बंदूक मागं येते. तिचा वेग सेकंदाला अडीच-तीन मीटर पडतो. त्यातून या बंदुकीच्या दस्त्याच्या टोकाला मऊ काही नाही, पितळेची पट्टी.

आता हाच धक्का एकीला नुसता ढकलल्यासारखा वाटतो आणि दुसरीचा खांदा काळानिळा करतो, असं का? बायकांच्या अंगात ताकद कमी, असं उत्तर लगेच दिलं जातं. आमच्या मते ते अर्धंसुद्धा खरं नाही. अंगाचं वजन कमी असेल तर धक्का थोडा जास्त जाणवतो, हे मान्य. पण मोठा फरक पडतो तो दस्त्याच्या लांबीनं.

खुरप्याची मूठ हाताला मोठी असली की दुपारपर्यंत तळव्याला फोड येतो. फवारणीच्या पंपाचे पट्टे पुरुषाच्या मापाला सोडलेले असले की पंप कंबरेवर आदळत राहतो. बंदुकीचंही तसंच. दस्ता लांब असला की आखूड हाताच्या माणसाला चापापर्यंत पोचायला ताणावं लागतं. मग बंदूक अंगापासून लांब जाते, तोल सावरायला कंबर मागं झुकते, आणि दस्ता खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडावर सरकतो. अशा वेळी धक्का आला की तो हाडावर बसतो आणि माणूस आधीच मागं झुकलेला असल्यामुळं खरोखर मागं जातो. बघणारे म्हणतात, बघा, झेपली नाही.

ही गोष्ट इंग्रज फौजेला चांगली ठाऊक होती, आणि तीही पुरुषांमुळं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ठरावीक उंचीच्या खालच्या माणसांना भरतीतून परत पाठवत. बर्कनहेड या गावचे खासदार आल्फ्रेड बिगलंड यांनी सरकारकडून परवानगी काढली आणि १९१४ च्या अखेरीस ५ फूट ते ५ फूट ३ इंच उंचीच्या पुरुषांच्या पलटणी उभ्या केल्या. त्यांना नाव पडलं ‘बँटम’, म्हणजे ठेंगण्या जातीचा झुंजार कोंबडा. त्यांत खाणीत राबलेले काटक गडी बरेच होते. त्यांना कोणी म्हटलं नाही की तुमचा खांदा कमजोर. त्यांच्यासाठी थ्री-नॉट-थ्रीला आखूड दस्ता आला, नेहमीच्या मापापेक्षा सुमारे एक इंच कमी. त्या लाकडावर बँटमचं इंग्रजी ‘बी’ अक्षर ठोकलेलं असे. त्याआधीही लांब, मध्यम आणि आखूड अशी मापं होतीच. बुटक्या पुरुषासाठी फौजेनं लाकूड कापलं. बाईची पाळी आली तेव्हा मात्र आधी तिच्या अंगाकडं बोट दाखवलं जातं.

माप पाहायची जुनी रीत अगदी सोपी आहे. बंदूक रिकामी आहे याची खात्री केल्यावर कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि बोट चापावर सहज पोचतं का बघायचं. ताणून पोचत असेल तर दस्ता लांब आहे.

दस्ता बदलणं शिकणारीच्या हातात नसतं, जी मिळेल ती बंदूक घ्यावी लागते. मग उरतं उभं राहणं आणि धरणं. दस्ता खांद्याच्या आतल्या मऊ खोबणीत घट्ट ओढून घ्यायचा, गळ्याजवळच्या हाडावर टेकू द्यायचा नाही. दुखेल या भीतीनं नवशिकी मुलगी दस्ता खांद्यापासून बोटभर लांब धरते, आणि तिथंच फसते. मधल्या फटीत बंदूक वेग घेते आणि हातोडीसारखी आदळते. घट्ट धरली तर तोच जोर सगळ्या अंगाला ढकलण्यात जिरतो. डावा पाय पुढं, गुडघा किंचित सैल, वजन पुढच्या पायावर. पालथं झोपून गोळी झाडताना धक्का जास्त लागतो, कारण खांद्याला मागं जायला जागाच नसते. म्हणून पहिल्याच दिवशी झोपून झाडायला लावणं आम्हाला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आवाजाचंही तसंच. कान उघडे असले की दणक्यानं अंग दचकतं आणि धक्का दुप्पट वाटतो. पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, नेम चुकतो. त्यावर कसलेले शिक्षक नकली काडतूस मधेच भरून ठेवतात. गोळी सुटत नाही, पण मुलगी दचकलेली दिसते. तिचं तिलाच कळतं की आपण धक्क्याला नाही, धक्क्याच्या विचाराला भ्यालो.

थ्री-नॉट-थ्री आपल्या पोलिसांकडं पुढंही पुष्कळ वर्षं राहिली. २००८ साली मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हाही काही शिपायांच्या हातात तीच होती. खेळातली बंदूक मात्र फार पुढं गेली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, नेमबाजीत जगज्जेती ठरलेली पहिली भारतीय बाई. प्रोन म्हणजे पालथं झोपूनच. पण ती बंदूक पॉइंट टू-टूची, गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि बंदूक थ्री-नॉट-थ्रीहून जड, त्यामुळं धक्का नावापुरता. आणि तिचा दस्ता स्क्रू फिरवून मागंपुढं, वरखाली करता येतो, जिच्या खांद्याला जसा हवा तसा.